माळवदाखालचा आवाज



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं परभणीत जमतो, त्यांना साऱ्या गावानं तारमास्तर म्हणूनच ओळखलं. ही व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हा पत्रिकेवर नाव छापायचा विषय निघाला होता. त्यांच्या थोरल्या मुलानं सांगितलं, दादांना त्याच एका नावानं हाक मारलेली आवडायची, तेवढंच ठेवा. मीही तेवढंच ठेवतो.

मी चौथी-पाचवीत असेन. वडिलांबरोबर तार करायला गेलो होतो. लाकडी काउंटरच्या पलीकडे मास्तर बसलेले, बोटाखाली पितळी कळ, आणि तिचा तो थांबत थांबत येणारा कडकट्ट आवाज. वडिलांनी लिहिलेला मजकूर त्यांनी वाचला, पेन्सिलीनं तीन शब्द खोडले आणि म्हणाले, “एवढ्यात भागतंय. शब्दाला पैसे पडतात.” आलेली तार वाईट बातमीची असली तर ते ती शिपायाच्या हाती देत नसत. स्वतः सायकल काढायचे. दारात उभं राहून आधी प्यायला पाणी मागायचे, घरच्या माणसाला खाली बसवायचे, मग कागद पुढं करायचे.

१४ जुलै २०१३ला देशातल्या तारघरांनी शेवटच्या तारा घेतल्या. त्यानंतर काही दिवसांनी मी मास्तरांना भेटलो. वाटलं होतं, हळहळतील. ते म्हणाले, “तार गेली त्याचं काही नाही रे, जुनं जातच असतं. पण माझ्याकडं आलेली तार पोचली का नाही, ते माझ्या वहीत असायचं. नाही पोचली तर का नाही, तेही असायचं. आता एखाद्या म्हातारीचा फोन लागला नाही, तर ते कुणाच्या वहीत लिहिलं जातं?”

मी दूरसंचाराच्या कामात तीस वर्षं काढली आहेत, आणि त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं आहे, की ते कुणाच्याच वहीत लिहिलं जात नाही. बोलता बोलता फोन तुटला तर त्याची नोंद होते. त्याला कॉल ड्रॉप म्हणतात, आणि त्याचं प्रमाण किती असावं यावर दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, लक्ष ठेवतं. टॉवरपर्यंत पोचून लागला नाही, तर त्याचीही कुठं ना कुठं मोजणी होते. पण जो फोन टॉवरपर्यंत पोचलाच नाही, तो यंत्रणेच्या दृष्टीनं केलेलाच नसतो. ज्या घरात रेंजच नाही, त्या घराची तक्रार आकड्यांत दिसतच नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरं अशी न दिसणारी आहेत, आणि आज हाती असलेल्या तंत्रानं त्यांतली बरीचशी बोलती करता येतील, एवढं सांगायला मी आज उभा आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझी आई जिंतूर तालुक्यातल्या एका डोंगराच्या कुशीतल्या गावात राहायची. घर माळवदाचं. तुमच्यातल्या अनेकांचा जन्म अशाच घरात झालेला आहे. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर लाकडाची फळकुटं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर गार वारं आल्यासारखं वाटतं. मी तिला एक स्मार्टफोन घेऊन दिला होता. ती तो माजघरातल्या देवळीत ठेवायची, समईच्या शेजारी.

श्रावणातली रात्र होती, पाऊस लागलेला, लाईट गेलेली. मोरीकडं जाताना ती ओसरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सरपटत माजघरात आली, देवळीतला फोन काढला आणि मला लावला. तीन वेळा लावला. तिन्ही वेळा फोन काही न बोलता बंद झाला. त्याच सुमारास, योगायोगानं, मी पुण्याहून तिला रोजचा फोन लावत होतो. मला ऐकू येत होतं की ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. ती तर घराच्या बाहेरसुद्धा नव्हती. शेजारच्या पोरानं तिचं कण्हणं ऐकलं, तो आपला मोबाईल घेऊन पावसात माळवदावर चढला आणि तिथून त्यानं गाडी बोलावली. मधे किती वेळ गेला ते मी मोजलेलं आहे, पण इथं सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून गावी गेलो आणि तो फोन हातात घेतला. माजघरात, त्याच देवळीपाशी, ४जीच्या दोन कांड्या दिसत होत्या. दोन कांड्यांवर बोलणं व्हायला हवं. सेटिंगमध्ये गेलो. सिमकार्डाच्या पानावर व्होल्टे नावाचं बटण होतं, आणि ते बंद होतं. मी ते चालू केलं आणि अंगणात उभ्या असलेल्या पुतण्याला फोन लावला. एका रिंगमध्ये लागला. त्याचा आवाज इतका स्वच्छ आला की मी दचकलो.

जन्मभर लोकांचे टॉवर नीट केले, आणि आईच्या हाती फोन देताना ते एक बटण पाहिलं नाही. हे मला आजही टोचतं.

आता त्या रात्री नेमकं काय झालं ते नीट समजून घेऊ, कारण तेच आपल्या जिल्ह्यात रोज रात्री होतं.

जुन्या पद्धतीत, म्हणजे २जी आणि ३जीत, बोलण्यासाठी फोनपासून फोनपर्यंत एक अखंड वाट राखून ठेवली जाते. बोला किंवा गप्प बसा, वाट तुमच्यासाठी अडवलेली. ४जी आखताना हा मार्गच काढून टाकला. तिथं सगळा माल पुडक्यांनी जातो, फोटो असो, पीकविम्याचा अर्ज असो, की हवामानाचा अंदाज. मग बोलण्याचं काय करायचं? सुरुवातीला तोडगा असा निघाला की फोन इंटरनेटसाठी ४जीवर बसेल, आणि कॉल आला की खाली ३जी-२जीवर उतरेल. या उतरण्यात काही सेकंद जातात, आणि खाली पायरी शाबूत असेल तरच पाय टेकतो. आईच्या गावाजवळ नवा टॉवर झाला होता, पण त्यावर फक्त ४जी. २जी यायचं दूरच्या जुन्या टॉवरवरून, डोंगराला वळसा घालून. ते अंगणापर्यंत कसंबसं पोचायचं. ओल्या माळवदाखाली काहीच नाही. फोन ४जीवरून उतरला आणि खाली पायरीच नव्हती.

व्होल्टे म्हणजे हे उतरणंच बंद करणं. आवाज ४जीवरूनच पाठवायचा. तुमच्या बोलण्याचे दर सेकंदाला पन्नास तुकडे होतात, एकेक तुकडा वीस मिलिसेकंदांचा, आणि प्रत्येक तुकडा पत्ता लिहून वाटेला लागतो. तारमास्तरांच्या कळीखालून वाक्य टिंबं आणि रेघा होऊन जायचं, तसंच. व्हॉट्सॲपवरचा कॉलही असाच तुकड्यांनी जातो, मग फरक काय, असं कुणीही विचारेल. व्हॉट्सॲपचा तुकडा गर्दीतला एक प्रवासी असतो. शेजारी कुणी सिनेमा बघत असेल तर त्याला त्याच्या मागं थांबावं लागतं. व्होल्टेच्या तुकड्यासाठी टॉवर जागा राखून ठेवतो आणि त्याला आधी सोडतो. म्हणून बाजाराच्या दिवशी, सगळ्यांचे फोन एकाच वेळी चालू असताना, व्हॉट्सॲपवरचा आवाज अडखळतो आणि साधा कॉल टिकतो. आणखी एक गैरसमज खेडोपाडी पक्का बसलेला आहे, की व्होल्टे चालू केलं की नेट संपतं. संपत नाही. हा कॉल तुमच्या डेटातून कापला जात नाही, तो कॉल म्हणूनच धरला जातो. या एका समजुतीपायी लोकांनी मुद्दाम बंद करून ठेवलेली बटणं मी स्वतः पाहिली आहेत.

आणि आवाजाचा पोत. जुन्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा. माणूस कोण ते ओळखू यायचं, पण ‘स’कारात जी सळसळ असते ती बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जायची. म्हणून तर आपण फोनवर विचारतो, “सहा का दहा?” मोंढ्यातून कापसाचा भाव विचारणाऱ्याला त्या एका अक्षराची किंमत माहीत आहे. व्होल्टेवर ही पट्टी ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जाते, दोन्हीकडचे फोन तसे असले म्हणजे. माझी आई त्यानंतर एकदा म्हणाली होती, “आता तू जवळ बसून बोलायलास असं वाटतंय.”

थोडं लहरींविषयी बोलतो, कारण परभणीकरांना हा विषय रेडिओमुळं आधीच ठाऊक आहे. आपलं आकाशवाणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लागतं. त्या एका लहरीची लांबी सुमारे २३० मीटर भरते. एवढ्या लांब लहरीला घर, झाड, टेकडी यांचं फारसं काही वाटत नाही, म्हणून पाण्याच्या मोटारीशेजारी खुंटीला टांगलेला रेडिओसुद्धा वाजायचा. मोबाईलची लहर त्यापुढं किती लहान असते पाहा. ७०० मेगाहर्ट्झची हातभरापेक्षा थोडी कमी, ८५० ची सुमारे ३५ सेंटीमीटर, २३०० ची १३ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी जास्त. आखूड लहरींच्या पट्ट्यांत सहसा जागा जास्त असते, म्हणून माल जास्त जातो, पण लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीपुढं लवकर हरते. पांढऱ्या मातीत पावसाचं पाणी मुरलं की ती लहर आणखी शोषते. पत्र्याचं घर त्याहून वाईट. पत्रा लहर शोषत नाही, सरळ परत फेकतो, आणि उरते ती फक्त दार-खिडकीची फट. घरकुलाच्या पत्र्याखाली राहणारी बाई फोन लागावा म्हणून उंबऱ्यात येऊन बसते, ते यामुळं.

गोदावरी आणि दुधनेच्या काठची सपाट काळी जमीन टॉवरला सोयीची आहे, मानवत-पाथरीकडं उंचावरचा एक टॉवर लांबवर दिसतो. पण जिंतूरच्या डोंगररांगा, येलदरीच्या जलाशयाभोवतीचे खोलगट भाग, गंगाखेड-पालमकडं बालाघाटाचे चढउतार, इथं लहरीला वाट सापडत नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजारांवर होती, आणि दहातले जवळपास सात जण खेड्यात राहणारे. त्यात दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं धरा. मागं घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. बाराशे रुपयांचा असो की बारा हजारांचा, त्या घरातला फोन हाच त्या कुटुंबाचा सांधा असतो.

तुम्ही सगळ्यांनी एक अनुभव घेतला असेल. पलीकडचा माणूस स्पष्ट ऐकू येतो, पण त्याला तुमचं काही ऐकू जात नाही. “मला तुझं ऐकू यायलंय, तुला माझं यायलंय का?” असं आपण ओरडत राहतो. ओरडून उपयोग नसतो, कारण दोष आवाजाचा नसतो. टॉवर पुष्कळ ताकदीनं बोलतो. तुमचा ४जी फोन मात्र जास्तीत जास्त वॉटच्या पाचव्या हिश्शानं उत्तर देतो. डोंगरावरचा माणूस दरीतल्याला हाक मारतो आणि दरीतला आजारी माणूस तोंडातल्या तोंडात ओ देतो, तसं ते असतं. फोनवरच्या कांड्या तुम्हाला टॉवर किती ऐकू येतो एवढंच सांगतात. टॉवरला तुम्ही किती ऐकू येता, ते सांगत नाहीत. हे एवढं लोकांना कळलं तरी निम्मा मनस्ताप कमी होईल.

व्होल्टे आखणाऱ्या इंजिनिअरांनी या दरीतल्या माणसाचा विचार केला होता, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. टॉवरच्या हद्दीच्या टोकाला असलेला फोन आवाजाचा एकच तुकडा लागोपाठ चार वेळा पाठवू शकतो. टॉवर ते चारही पुसट तुकडे एकमेकांवर ठेवतो आणि त्यातून एक स्वच्छ तुकडा जुळवतो. आजारी माणसानं चार वेळा ‘ओ’ दिली की ऐकणाऱ्याला खात्री पटते, तसंच. शिवाय प्रत्येक तुकड्यावर चिकटलेला लांबलचक पत्ता आखडून दोन-चार अक्षरांवर आणला जातो. का? शब्दाला पैसे पडतात म्हणून तारमास्तर तीन शब्द खोडायचे, इथं ताकद पडते. त्यांना हे सांगता आलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता.

चालत्या गाडीत फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडं जातो तेव्हाचं दृश्य मी नेहमी पालखीनं समजावतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडकडं जाते. चालता चालता खांदेकरी बदलतात. नवा खांदा आधी दांड्याखाली येतो, मग जुना निघतो. पालखी जमिनीला टेकत नाही. मुलीला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात निघालेला बाप वाटेत डॉक्टरांशी बोलत असेल, तर त्याचा फोन असाच खांदे बदलत जायला हवा.

इतिहास फार सांगत नाही. आवाज ४जीवरून नेण्याची सेवा जगात पहिल्यांदा ऑगस्ट २०१२मध्ये दक्षिण कोरिया आणि अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडं ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, ते २जी-३जी मुळीच न घेता. त्या जाळ्यात उतरायला खालची पायरीच नव्हती, म्हणून व्होल्टे नसेल तर साधा कॉल शक्यच नव्हता. व्होल्टे नसलेल्या ४जी फोनवाल्यांना वेगळं ॲप टाकून बोलावं लागे. २०१७मध्ये मुंबईपासून एअरटेलनं ही सेवा सुरू केली, नंतर बाकीचे आले. मग ३जी हळूहळू बंद होत गेलं. पुढं ५जी आलं, पण ५जीच्या फोनवरूनही आवाज बऱ्याचदा ४जीच्याच खांद्यावरून जातो.

एका गोष्टीचा मला विशेष अभिमान आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेनं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं होतं. परदेशी एक्स्चेंजना थंडगार खोली लागायची. हे आपल्या उन्हात आणि धुळीत, एसीशिवाय चालायचं. पिवळ्या पाटीची एसटीडी बूथं गावोगाव आली, त्यामागं त्या काळची ही सारी धडपड होती. त्याच सी-डॉटनं पुढं बीएसएनएलच्या ४जीचा गाभा तयार केला, टीसीएस आणि तेजस या कंपन्यांच्या साथीनं ते जाळं उभं राहिलं, आणि २७ सप्टेंबर २०२५ला पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा इथून त्या स्वदेशी जाळ्याचं लोकार्पण केलं. या जाळ्याला ७०० मेगाहर्ट्झची लांब लहरही मिळाली आहे. भिंतींच्या आत जाणारी लहर म्हटली तर हीच. आपल्या डोंगरी गावांच्या दृष्टीनं मी या गोष्टीकडं फार आशेनं पाहतो.

आता ज्यांच्या घरात ४जीच्या दोन कांड्यासुद्धा येत नाहीत, त्यांचं काय?

इथं दुसरी वाट आहे, वाय-फाय कॉलिंगची. तुमच्या घरात तारेनं आलेलं इंटरनेट असेल तर फोन त्या वाय-फायवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार करतो आणि साधा कॉल त्यातून नेतो. नंबर तोच. वेगळं ॲप नाही, वेगळे पैसे नाहीत, आणि पलीकडच्या माणसाकडं ही सोय असण्याची गरज नाही. त्याच्याकडं जुना डबा फोन असला तरी चालतो. पाच मिनिटांच्या बोलण्याला पाच एमबीच्या आसपास खर्ची पडतात. एअरटेलनं ही सोय डिसेंबर २०१९मध्ये दिल्लीपासून सुरू केली, जिओनं जानेवारी २०२०मध्ये, आणि आता बीएसएनएलकडंही ती आहे. बटण तिथंच आहे, व्होल्टेच्या शेजारी.

लोकांना वाटतं, रेंज म्हणजे टॉवर, आणि टॉवर नाही तर काही नाही. पण आवाज आता इंटरनेटच्या वाटेनं जातो, म्हणून जिथं इंटरनेटची तार आहे तिथं आवाज नेता येतो. आणि तार कुठं आहे? ग्रामपंचायतीत. २०११मध्ये केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये तिच्या सुधारित रूपाला १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली. ती तार पंचायतीच्या कपाटातल्या पेटीत येऊन थांबू नये. तिथून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, आणि माळवदाची घरं जिथं दाटीनं आहेत ती गल्ली, एवढ्या ठिकाणी वाय-फाय पोचलं, तर डोंगराआडच्या गावातही आशाताई घरात बसून डॉक्टरांशी बोलेल. नवा टॉवर उभा राहायला जागा लागते, परवानगी लागते, कंपनीला तिथं ग्राहक पुरेसे दिसावे लागतात. इथं तार आधीच आलेली आहे.

तार आहे म्हणून सगळं झालं असंही नाही. रस्ता रुंद करताना जेसीबीच्या एका फटक्यात फायबर तुटतं आणि महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. खोदण्याआधी तारवाल्यांना कळवण्यासाठी मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आलं आहे. आपल्याकडच्या किती ठेकेदारांच्या फोनवर ते आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा. आणि लाईट. लाईट गेली की राउटर गेला, बॅटरी दमली की टॉवरही गेला. आई पडली त्या रात्री लाईट नव्हतीच. राउटरला जोडायची छोटी बॅटरी मिळते, काही तास पुरते. उपकेंद्रात आणि पंचायतीत ती असलीच पाहिजे, घरात आजारी माणूस असेल तर घरातही असावी. वाय-फायवरून आणीबाणीचा ११२ नंबर लावलात तर आपला पत्ता स्वतः नीट सांगा, टॉवर नसताना तुम्ही कुठं आहात ते यंत्रणेला अचूक कळेलच असं नाही. आणि आपल्या कंपनीची रेंज शून्य असली तरी ११२ लावून पाहा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर आसपास असेल तर त्यावरून तो जाऊ शकतो.

बाजारात मिळणारे बूस्टर कृपा करून लावू नका. विनापरवाना बूस्टर बेकायदा आहेत, आणि ते आपली रेंज वाढवताना टॉवरच्या कानात इतका गोंगाट करतात की गल्लीतल्या इतरांचा आवाज त्यात बुडतो. टॉवरच्या किरणांची भीती वाटणारी माणसं या सभेतही असतील. त्यांना एवढंच सांगतो, की १ सप्टेंबर २०१२पासून आपल्या देशानं आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा ठेवली आहे. आणि टॉवर दूर असला की तुमचा कानाशी धरलेला फोन पूर्ण ताकद लावत असतो, हेही लक्षात घ्या.

आता ज्यांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते त्यांच्याविषयी. कीपॅडचा जुना फोन वापरणारी माणसं. त्यांचा फोन २जीचाच आहे. उद्या २जी बंद झालं तर त्यांच्या हातातला फोन मुका होईल. ते आळशी नाहीत, मागासही नाहीत. आठवड्यातून एकदा चार्ज करायचा, खाली पडला तर उचलून पुसायचा, हिरवं बटण दाबून बोलायचं, एवढी साधी वस्तू त्यांनी निवडली आहे आणि ती निवड शहाणपणाची आहे. ४जीवर बोलणारे कीपॅडचे फोन निघाले आहेत, २०१७चा जिओफोन आणि २०२३मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारत ही त्यांतली उदाहरणं. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायनं फक्त बोलणं आणि एसएमएस यांचं वेगळं रिचार्ज ठेवायला कंपन्यांना सांगितलं, तेही याच माणसांसाठी. माझं म्हणणं इतकंच आहे, की ज्या गावात शेवटच्या आजीच्या हाती बोलणारा नवा फोन आलेला नाही, त्या गावातलं २जी बंद करू नये. रोज वापरणाऱ्यांची संख्या मोजून हा निर्णय होऊ नये. ती आजी महिन्यातून दोनच फोन करत असेल, पण त्यातला एक माझ्या आईसारखा असेल.

मास्तरांच्या प्रश्नाकडं परत येतो. वही कुणाची?

१ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, २जी, ४जी, ५जी वेगवेगळे. ते नकाशे उघडून पाहा. तुमचं गाव त्यात रंगवलेलं दिसेल. आता आपल्या फोनच्या ‘फोनविषयी’ या पानावर सिमची स्थिती उघडा. तिथं उणे चिन्हाचा एक आकडा असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर झकास. उणे ११०च्या पुढं गेला की बोलणं धोक्यात. अंगणातला आकडा पाहा, ओसरीतला पाहा, मग माजघरात जा. हा आकडा तीननं खाली गेला की ताकद निम्मी झाली असं समजा, दहानं गेला की दहावा हिस्सा उरला. आईच्या घरात अंगण ते देवळी एवढ्या आठ पावलांत तो पंधराहून जास्त पडायचा. नकाशा अंगणाचा असतो आणि माणूस माजघरात पडतो. नकाशात नसलेली ही आठ पावलं आपल्यालाच लिहून काढावी लागतील.

म्हणून या वर्षी आम्ही एक काम धरलं आहे. सभागृहाच्या बाहेर, चहाच्या टेबलाशेजारी, महाविद्यालयातली दहा-बारा मुलं-मुली बसली आहेत. जाताना आपला फोन त्यांना दाखवा. व्होल्टे आणि वाय-फाय कॉलिंग, दोन्ही बटणं ती बघतील, बंद असतील तर तुम्हाला विचारून चालू करतील. फोनमध्ये ती सोय नसेल तर तसं सांगतील. रविवारी ही मुलं जिंतूरकडच्या गावांत जाणार आहेत, कुणाला आपल्या गावाचं नाव द्यायचं असेल तर द्या. घरी आई-वडिलांचे फोन असतील, ते पुढच्या वेळी घेऊन या, किंवा मुलांना घरी बोलवा.

त्यांच्यासमोर एक लांबट वही ठेवली आहे. तारमास्तरांच्या मुलानं ती बांधून दिली, त्यांच्या कार्यालयातल्या नोंदवहीच्या मापाची. तिच्यात रकाने आखले आहेत. तारीख, गाव, घराची बनावट, फोन घरातल्या कोणत्या जागी होता, फोन कोणता, ४जी दिसत होतं का, किती वेळा लावला, आणि का लागला नाही. न लागलेल्या फोनांची नोंद तिच्यात करायची आहे. महिन्याला तिची एक प्रत ग्रामसभांकडं, एक जिल्हाधिकारी कार्यालयाकडं आणि एक कंपन्यांच्या तक्रार विभागाकडं जाईल.

पहिली ओळ मी दुपारीच भरली आहे. श्रावणातली तारीख. घर माळवदाचं, पावसानं ओलं. जागा माजघरातली देवळी. ४जीच्या दोन कांड्या. तीन वेळा लावला. शेवटच्या रकान्यात लिहिलं आहे, बटण बंद होतं, मुलानं पाहिलं नाही.